एम-बँड शून्य, तरी फ्री लाइट चेन बघाच

मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग; या पेशी जी असामान्य अँटिबॉडी सोडतात, तिची रक्ततपासणीत दिसणारी रेघ म्हणजे एम-बँड. ‘एम-बँड शून्य आला म्हणजे मायलोमा थांबला’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. साधारण 15 ते 20 टक्के रुग्णांत कर्कपेशी पूर्ण अँटिबॉडीऐवजी फक्त तिचे छोटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, सोडतात. काहींत आजार उलटताना असा बदल होतो. मग इलेक्ट्रोफोरेसिस (एम-बँड शोधणारी तपासणी) स्वच्छ दिसतं आणि मूत्रपिंडाच्या नलिका मात्र या लाइट चेनमुळे आतून चोंदत असतात. म्हणून रक्तातल्या फ्री (मोकळ्या) लाइट चेनही तपासायच्या, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. वेगवेगळ्या किटचे आकडे जुळत नाहीत. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, ती मुख्यतः अल्ब्युमिन हे दुसरंच प्रथिन पकडते.

आणि पाठ दुखली की घरातली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी? अजिबात नको. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ती आणखी घटवते. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.