पडल्यावर परत गाडीवर कसे बसलात? (अनुभव धागा)

सड्यावरची

काल संध्याकाळी लेक सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या पठारावरून, गाडी ढकलत आली. गुडघा लाल, कोपर लाल. त्यातलं रक्त किती आणि जांभ्याची माती किती तेच कळेना. अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन हातात येऊन आठवडा झालाय. बाबाची स्प्लेंडर घेऊन एकटीच सराव करत होती. मी ओरडले नाही. नळाखाली तिचा गुडघा धरला आणि एकदम १९९३ चा मे महिना समोर आला.

तेव्हा आमच्या वाडीत गाडी चालवणारी बाई नव्हती. अण्णा, माझे वडील, प्राथमिक शिक्षक, लांबच्या शाळेसाठी त्यांनी सीडी १०० घेतलेली. शिकवा म्हणून मीच मागे लागले. सडा मोकळा, तिथे चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी खाली उतरताना वळणावर काजूच्या बागेचा गडगा (चिऱ्यांचं कुंपण) आला. आता लागणार, आता लागणार म्हणत मी त्या गडग्याकडेच बघत राहिले आणि सरळ त्यात गेले. चिरे अंगावर आले. घोट्याला अजून खूण आहे.

अण्णांनी आधी मला बघितलं. बोटं हलवायला लावली, मान वळवायला लावली. मग पडलेले चिरे आम्ही दोघांनी परत रचले, नाहीतर रात्री गुरं बागेत शिरली असती. मग त्यांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि म्हणाले, "आता बस. गडग्याकडे बघशील तर गडग्यातच जाशील. जायचंय तिकडे बघ."

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. काल लेकीला हेच सांगायला गेले तर आवाज फुटेना.

तुमचं लिहा. पडलात कसे त्यापेक्षा परत बसलात कसे, ते जास्त लिहा.

ओहोटी

अण्णांचं वाचून डोळे भरले गं. लेक कशी आहे आता?

पोटरीवाला

उजवी पोटरी, सायलेन्सर, १९९८. गाडी अंगावर पडली आणि पाय खाली अडकला. आजीने कोरफड लावली होती. डाग आहे अजून. बाकी रात्री लिहितो, बाजारात आहे.

खाडीपल्याड

माझं पडणं फेरीबोटीवरचं. दाभोळहून धोपाव्याला रोज कामाला जायचो, गाडी शिकून जेमतेम महिना झालेला. बोटीचा लोखंडी रॅम्प ओला, त्यावर मासळीच्या टोपल्यांचं पाणी सांडलेलं. मागून जीपवाला हॉर्न देत होता. घाबरून पुढचा ब्रेक दाबला. लोखंडावर चाक असं निसटलं की पाय टेकायलाही वेळ मिळाला नाही. गाडी आडवी, डबा उघडा, भात खाडीत.

बोटीवरचा खलाशी आला. त्याने आधी जीपवाल्याला हात करून थांबवलं, मग माझी गाडी उचलली. म्हणाला, "ब्रेकला हातच लावू नको. पहिला गिअर, हाफ क्लच, दोन्ही पाय खाली सोडून हळूहळू ये. बोट तुला सोडून जात नाय." पुढचे पंधरा दिवस तो माणूस रोज माझ्या गाडीची मागची कॅरिअर धरून चालायचा. मी न सांगता. सोळाव्या दिवशी त्याने हात सोडला ते मला पलीकडे पोचल्यावर कळलं.

त्याचं नाव कधी विचारलं नाही, याची आजही रुखरुख आहे.

तांबडी माती

अण्णांची सीडी १०० वाचून आमची येझदी आठवली. किक आणि गिअर एकाच दांड्यावर! किक मारून झाली की तोच दांडा खाली आणून गिअर. शिकताना माझा पाय कायम गोंधळायचा. कुणाकडे अजून चालू स्थितीत आहे का? मला बघायची आहे.

खाडीपल्याड

@तांबडी माती, आमच्याकडे काकांची आहे, पण चालू नाही. पडवीत उभी आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर. कार्ब्युरेटर मिळाला तर सुरू करायची इच्छा आहे.

तांबडी माती

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

वहाळ

माझो बापूस म्हणी, "पडल्याशिवाय गाडी येवची नाय." मी तर सुरवातीकच वहाळात (ओढ्यात) गेलंय. नशीब, उन्हाळो होतो, पाणी गुडघ्याएवढाच. सगळ्या वाडीन मिळान गाडी वर काढली. इंजिनात पाणी गेलेला. बापसान प्लग काढून उन्हात ठेवलो, त्येका खयची घाई नाय. चार दिवसांनी गाडी चालू झाली, तेव्हा म्हणाक लागलो, "आता तूच चालव, माका बाजारात सोड." मागे बसलो पण खांद्यार हात ठेवल्यान नाय. माझ्यार एवढो भरवसो त्येच्याआधी कोणीच ठेवलेलो नाय.

ड्रेसिंगवाली ताई

ग्रामीण रुग्णालयात आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. सड्यावरचं खरचटणं साधं वाटतं, पण जांभ्याचे बारीक कण आत राहतात. स्वच्छ पाणी आणि साबणाने नीट धुवा, दुखलं तरी. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर घ्या. सायलेन्सरने भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको. डोकं आपटलं असेल आणि नंतर उलटी झाली किंवा झोप झोप वाटली, तर त्याच क्षणी दवाखान्यात.

@सड्यावरची, लेकीने हेल्मेट घातलं होतं ना?

सड्यावरची

नव्हतं ताई. "सड्यावर कोण आहे मला धडकायला" म्हणाली. इंजेक्शन आज सकाळी दिलं.

पावसाआधी

मी नऊ वर्षं गाडीला हात लावला नव्हता.

जुलै महिना, राजापूरच्या बाजूला एका उतारावर. झाडांच्या सावलीतला रस्ता, कडेने हिरवं शेवाळ. समोरून एसटी आली म्हणून मी कडेला घेतली, तेवढंच. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, त्याला उचलून घेता येत नव्हतं. दुखण्यापेक्षा तेच जास्त लागलं मला. हाड जुळलं पण रस्त्यावर कुठे हिरवं दिसलं की मागे बसलेली असले तरी हात घट्ट व्हायचे.

परत सुरुवात खळ्यात (अंगणात) केली. पहिले आठ दिवस फक्त इंजिन चालू करून गाडीवर बसायचे. पुढे जायचं नाही. नवरा बाजूला सुपारी सोलत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. मग खळ्यातल्या खळ्यात फेऱ्या. मग फाट्यापर्यंत. ज्या उतारावर पडले तिथे पहिल्यांदा चालत गेले आणि कडेचं शेवाळ हाताने चाचपून बघितलं. मग कळलं की गाडीच्या चाकोरीतला मधला भाग कोरडा आहे, निसरडं फक्त कडेला. तेव्हापासून पावसात कडेला घेत नाही. दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या जोरावर उतरते आणि एसटी दिसली की आधीच थांबते, ती जाऊ दे.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मागे बसतो.

ओहोटी

@पावसाआधी, ते सुपारी सोलत गप्प बसणं फार आवडलं.

पोटरीवाला

आलो. आता जांभळांचे दिवस. झाडाखाली पिकलेली जांभळं पडून रस्ता जांभळा झालेला असतो ना, ते शेवाळाइतकंच वाईट. आणि पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास. रस्त्यावरचं तेल वर येतं. थांबायला मिळालं तर थांबा, चहा घ्या.

स्प्लेंडरवरून पल्सरवर जाणाऱ्यांना: स्प्लेंडरचे चारही गिअर खाली, पल्सरचा एक खाली आणि बाकीचे वर. माझा भाऊ त्यातच पडला.

तांबडी माती

सराव कुठे करावा? आमच्याकडे सडा नाही, किनाराच आहे.

वहाळ

ओहोटीक ओली वाळू घट्ट असता, पण माणसा असतीत तर नको. काही किनाऱ्यांर गाड्यांक बंदी आसा, आधी बघ. स्टँडखाली करवंटी ठेव, नायतर वाळवेत रुततला. घराक इल्यार गोड्या पाण्यान धू, चेन गंजता.

सड्यावरची

सगळं वाचून दाखवलं लेकीला. पावसाआधींचं दोनदा वाचायला लावलं तिने. आज गाडी काढली नाही, गुडघा वाकत नाही. पण मगाशी खळ्यात जाऊन स्टँडवरच्या गाडीवर बसली होती, इंजिन बंद. मी खिडकीतून बघितलं, बोलले काही नाही.

गडग्याचं वाक्य शेवटी सांगितलं. "आजोबा असं म्हणाले?" विचारत होती.

उद्या चिपळूणला हेल्मेट आणायला जातोय. दोन घेणार.

ओहोटी

मापाचं घे गं, घालून मान हलवून बघायला सांग. इकडे सर आली, आमसुलं बाहेर आहेत. पळते.