पी०१७१ आणि पी०४२० असे दोन कोड एकत्र – कन्व्हर्टर बदलू का? मदत हवी आहे

दीड महिन्यापूर्वी २०१६ ची पेट्रोल सेडान घेतली, आधी दोन मालक झालेली. ६८ हजार किलोमीटर. आईला डायलिसिसला न्यावं लागतं, रिक्षात तिला फार हिसके बसतात, म्हणून. घेताना डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. चौथ्या दिवशी साताऱ्याला निघाले, खंबाटकी घाट चढून वर आले आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. लुकलुकत नाही, स्थिर आहे. गाडी ओढते नीट, पण सिग्नलला उभी असली की इंजिन थरथरतं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) गेलाय, बदला. आकडा ऐकून मी परत आले. त्यांनी कोड पुसून दिला होता, पण आठवडाभरात दिवा पुन्हा लागला. मग मोबाइलवर कोड दाखवणारा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ अडॅप्टर मागवला आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावला. दोन कोड दिसतात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम मर्यादेपेक्षा कमी. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणाची नोंद, पी०१७१ ची आहे: इंजिन गरम, वेग शून्य. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, +२१ टक्के, २५०० आरपीएमला धरलं की +६. एअर फिल्टरच्या पुढे एअरफ्लो सेन्सर आहे, तो साफ करून झाला, फरक नाही.

कन्व्हर्टर खरंच गेलाय का? तोवर आईला घेऊन गाडी चालवू का? आणि विकणाऱ्याने कोड पुसून गाडी दिली असेल तर ते घेतानाच कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
आधी आईंचं. स्थिर पिवळ्या दिव्यावर शहरात सावकाश चालवायला हरकत नाही. तो लुकलुकू लागला तर मात्र मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद.

कन्व्हर्टरला आत्ता हात लावू नका. पी०४२० हा निकाल कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरवरून लागतो, आणि मिश्रणच बिघडलेलं असताना त्या निकालावर मी तरी पैसे लावणार नाही. पी०१७१ आधी. तुमचे ट्रिमचे आकडे बरंच सांगतात. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यामुळे फटीतून घुसलेली हवा त्यात मोठा वाटा घेते. आरपीएम वाढवले की तीच फट किरकोळ ठरते. पेट्रोल पंप कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड वाढला की ट्रिम वाढला असता. म्हणजे एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं (सिलिंडरला हवा वाटणाऱ्या पाइपांचं) गॅस्केट बघा.

एक विचारतो, या गाडीला पूर्वी सीएनजी किट होतं का? डिकीतलं कार्पेट उचला, टाकीच्या स्टँडची बोल्टची भोकं सापडतात. किट काढून विकतात, पण मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवलेली नोझल तशीच राहतात.

धागाकर्ती:
कार्पेटखाली चार भोकं आहेत, वर काळं सीलंट थापलंय! आरसीवर इंधन फक्त पेट्रोल लिहिलंय, म्हणून मला शंकाच आली नाही. मॅनिफोल्डला चार नोझल आहेत. तिघांवर रबरी नळीचे तुकडे चढवून टोकाला स्क्रू घातलेत. चौथा तुकडा बुडाशी चिरलाय, बोट ठेवलं की थरथर थांबते. हात कापत होते माझे.

दुसरा प्रतिसाद:
पुसलेल्या कोडबद्दल. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका: चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर दिवाच काढलाय किंवा झाकलाय. मग स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात की नाही, ते बघा. कोड पुसले की तेही पुसले जातात आणि बरंच चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. रोज वापरातल्या गाडीत चार-पाच अपूर्ण दिसले तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हाही आकडा बऱ्याच गाड्या देतात. फक्त साधा अडॅप्टर एबीएस आणि एअरबॅगचे कोड सहसा वाचत नाही, त्या दोन दिव्यांसाठी चांगला स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

धागाकर्ती:
चारही नोझल काढून तिथे पितळी प्लग सीलंट लावून बसवून घेतले. लेथवाल्याने तासाभरात करून दिलं. आयडलला ट्रिम आता +३, थरथर नाही. कोड पुसून ३१० किलोमीटर झाले, पी०१७१ आलेला नाही. पण कॅटॅलिस्टचा मॉनिटर अजून अपूर्ण दाखवतो, त्यामुळे पी०४२० चा फैसला बाकी आहे. मागचा सेन्सर गरम झाल्यावर ०.६५ ते ०.७ व्होल्टवर स्थिर राहतो, आधी सारखा खालीवर व्हायचा. गॅरेजच्या वेळा रद्द केल्यात.

मॉनिटर पूर्ण व्हायला हायवेवर एका वेगाने किती वेळ चालवावी लागते? रविवारी पहाटे साताऱ्याला पुन्हा जाणार आहे, आल्यावर आकडे इथेच टाकते.