गायक-वादक टीव्हीवर राजकारण बोलतात तेव्हा आपण नक्की कशाला दाद देतो?

मंद्रसप्तक
माझ्या एका आवडत्या गायकाची क्लिप सगळीकडे फिरतेय. नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर इथे त्यांच्यावरच घमासान सुरू होईल. वाहिनीवरच्या चर्चेत ते निवडणुकीवर बोलले. मत मला पटलं, पण मांडणी अगदी ढोबळ. ऑफिसात डबा खाताना याहून बरं बोलणं होतं. तरी माझ्या तोंडून "वा!" निघालंच. मेव्हणा म्हणाला, "यांनी आपल्या रागदारीत राहावं." याच मेव्हण्याने मागे एक गायिका नेमकी उलट बाजूने बोलली तेव्हा 'कलाकार आधी नागरिक असतो' यावर माझं डोकं खाल्लं होतं.

मत बाजूला ठेवून कलाकाराचं बोलणं तोलणं कुणाला जमतं का? आणि नंतर गाणं ऐकताना ते बोलणं मध्ये येतं का?

कोमलधैवत
मला येतं. म्हणून मी मुलाखती बघतच नाही. क्रिकेटवाल्यांच्याही नाही.

पाहुणे_आणणारा
मी काही वर्षं एका वृत्तवाहिनीत गेस्ट कोऑर्डिनेटर होतो. म्हणजे संध्याकाळच्या चर्चेला माणसं गोळा करणं हे माझं काम. त्यामुळे जरा आतलं सांगतो.

गायकाला फोन जातो तो 'संगीतावरच बोलायचंय, गाडी पाठवतो' असा. मेकअप होतो, कुर्त्याला लेपल माइक लावतात, कानात इअरपीस. मग पडद्यावर चार चौकटी, त्यातल्या दोघांत पक्षांचे प्रवक्ते. प्रवक्त्यांना दुसऱ्याच्या वाक्यात घुसायचा रोजचा सराव असतो. गायक मात्र समेची वाट बघावी तसा आपली पाळी येईपर्यंत थांबतो, आणि ती काही येत नाही. ब्रेकला जाता जाता अँकर एकदम वळतो, 'तुम्ही कलाकार म्हणून काय सांगाल?' पीसीआरमधून, म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्या कंट्रोल रूममधून, कानात 'दहा सेकंद, दहा सेकंद' चालू. त्या घाईत माणूस जे बोलेल त्यातले चार शब्द खालच्या पट्टीवर जातात, आणि घरोघरी निकाल लागतो तो त्या चार शब्दांवर. ढोबळपणाचा अर्धा दोष तिथला आहे.

पण तुमचा खरा प्रश्न बाजूंचा आहे. त्यावर अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. 2 सप्टेंबर 2005, कतरिना वादळानंतर एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर मदतनिधीचा थेट कार्यक्रम. शेजारी विनोदी अभिनेता माइक मायर्स. वेस्टने समोरचं लिहिलेलं सोडून दिलं, अडखळत काहीबाही बोलला आणि शेवटी म्हणाला की (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष) जॉर्ज बुशना काळ्या लोकांची पर्वा नाही. मायर्सचा चेहरा बघण्यासारखा आहे. एनबीसीने पश्चिम किनाऱ्यासाठीच्या प्रक्षेपणातून ते वाक्य कापलं. एका गटाला तो निर्भय वाटला, दुसऱ्याला उपटसुंभ. आता 2018. तोच माणूस, तेच एनबीसी. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात तो ट्रम्प यांची लाल टोपी घालून आला आणि त्यांची बाजू घेऊन बोलला. मांडणी दोन्ही वेळा तितकीच विस्कळीत. पण 2005 साली ज्यांना तो निर्भय वाटला होता त्यातल्या अनेकांना आता त्याने गाण्यापुरतं राहावं असं वाटू लागलं, आणि नाकं मुरडणाऱ्यांना त्याच्यात धाडस दिसलं. तुमच्या मेव्हण्याला एकट्याला कशाला बोल लावायचा!

जुनी_तबकडी
पाहुणेवाले, उदाहरण चोख. पण प्रेक्षक फक्त मत आपलं की परकं एवढंच बघतो हे मला पुरतं मान्य नाही. 'हे आमच्यातलं माणूस होतं' हा राग वेगळा असतो आणि जास्त टिकतो. डिक्सी चिक्स या अमेरिकी गायिकांच्या त्रिकुटाचं बघा. मार्च 2003 मध्ये लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यातली नॅटली मेन्स म्हणाली की राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. इराकवरचा हल्ला तोंडावर होता. त्या वेळी असं बोलणारे रॉकवाले कमी नव्हते, त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. पण या तिघी कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीतातल्या, स्वतः टेक्सासच्या. कंट्री रेडिओ केंद्रांनी गाणी बंद केली, लोकांनी सीडी चिरडल्या. एप्रिलमध्ये एबीसी वाहिनीवर पत्रकार डायान सॉयरसमोर बसून त्यांनी सगळं नीट समजावलं. ही काही दहा सेकंदांची पट्टी नव्हती, निवांत मुलाखत होती. तरी कंट्री रेडिओ काही पाघळला नाही. 2007 मध्ये पाच ग्रॅमी मिळाले, पण ते रेडिओवर त्यांची गाणी वाजेनाशी झाल्यानंतर.

आणि आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर? ऑक्टोबर 1992, पुन्हा तेच 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. तालमीत तिने कॅमेऱ्यासमोर एका लहान मुलाचा फोटो धरला होता. प्रत्यक्ष कार्यक्रमात पोपचा फोटो काढला आणि फाडला. चर्चमधल्या मुलांवरच्या अत्याचारांच्या निषेधात. प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगणारी पाटी दिग्दर्शकाने लावलीच नाही, स्टुडिओ चिडीचूप. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मैफलीत लोकांनी तिची हुर्यो उडवली. चर्चमधली ती प्रकरणं पुढे एकामागून एक बाहेर आली, तेव्हा तिचं बरोबर होतं म्हणणारे भरपूर निघाले. ऐन वेळी मात्र गायक क्रिस क्रिस्टोफरसन तेवढा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

न बोलणंही मोजलं जातं बरं का. आणीबाणीत किशोरकुमारने सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार दिला. भाषण नाही, पत्रक नाही. 1976 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनवरून त्याची गाणी गायब.

कोमलधैवत
किशोरचं मानधनावरून बिनसलं असंही लोक सांगतात.

जुनी_तबकडी
लोक काय, सांगणारच. बंदी आली ती सरकारी आदेशाने, आणि आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे ते प्रकरण निघालं. मानधनावरून कुणी गाणी बंद करत नाही हो.

मंद्रसप्तक
'आमच्यातलं माणूस' हे पटलं. मेव्हणा त्या गायकाच्या मैफली पहिल्या रांगेत बसून ऐकतो, म्हणून त्याला जास्त लागलं असणार. दरम्यान मी पूर्ण चर्चा शोधून काढली. क्लिपमधल्या वाक्याच्या आधी ते म्हणालेत, "मला यातलं फार कळत नाही, पण विचारताय म्हणून सांगतो." तेवढंच कापलंय. पाहुणेवाले, कलाकारांना यातून सुटायला काही वाव असतो का?

पाहुणे_आणणारा
असतो, वापरणारे कमी. एक ज्येष्ठ गायिका फोनवरच तीन गोष्टी विचारायच्या: थेट आहे की रेकॉर्ड करणार, बरोबर कोण बसणार, आणि शेवटचा प्रश्न काय. रेकॉर्डिंग म्हटलं की फोन ठेवायच्या, कारण कात्री आमच्या हातात. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे कधीच नसायचं, कारण शेवटचा प्रश्न अँकरला त्याच क्षणी कानात सांगितला जायचा. मी 'विचारून सांगतो' म्हणायचो, आणि मग त्यांच्याऐवजी एखाद्या माजी आमदाराला गाडी जायची.