मदत हवी आहे : पुढच्या दाराचं कुलूप लागत नाही

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचं पुढचं दार फणसाच्या लाकडाचं, चांगलंच जड. पावसाळा सुरू झाल्यापासून आतल्या बाजूने किल्ली पुरती फिरत नाही. आई तिथे एकटीच असते, वय ७४. रोज रात्री दाराशी झटापट करून तिचं मनगट दुखतं. परवा तर नुसती कडी घालून झोपली, म्हणून फार काळजी वाटते.

मी जाऊन पाहिलं. दार उघडं ठेवून किल्ली फिरवली तर लोण्यासारखी फिरते, म्हणजे कुलूप ठीक आहे. मग कुलपाच्या जिभेला तेलात कालवलेलं कुंकू लावलं आणि दार ओढून किल्ली फिरवली. डाग चौकटीतल्या पट्टीच्या भोकाखाली, साधारण ३ मिमीवर उमटला. मूठ धरून दार वर उचललं की कुलूप लगेच लागतं. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते गरगर फिरतात.

सुतार म्हणतो, लाकूड फुगलंय, खालून रंधा मारू. मला ते पटत नाही. थंडीत लाकूड आटलं की खाली फट राहील, आणि कोकणात फट म्हणजे विंचू-सापाला वाट.

जुन्या भोकांत फेविकॉल लावून काड्या ठोकाव्या आणि लांब स्क्रू मारावे, की पट्टीचं भोक कानसीने खाली वाढवावं? एवढ्या जड दाराला काड्यांचा जुगाड टिकतो का? कुणी केलं असेल तर कृपया सांगा. शनिवारी पुन्हा जातोय.