पोलो १.० टीएसआय: फक्त खालचा इंजिन माउंट कडक करावा की तिन्ही पीयूचे टाकावे? (नागपूर)

वर्धारोड_टीएसआय

गाडी पोलो १.० टीएसआय मॅन्युअल, २०२१ चं मॉडेल, ६२,००० किमी. स्टेज १ रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) केलेला आहे, बाकी सगळं कंपनीचंच.

तक्रारी तीन आहेत. पहिल्या गिअरमध्ये जोरात उचलली की पुढची चाकं थडथड उड्या मारतात. पहिल्यावरून दुसरा टाकताना खालून 'टक्' वाजतं. आणि एसी लावून सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग आणि सीट थरथरते. मे महिन्यात इथे एसी बंद ठेवायचा विषयच नाही.

गॅरेजवाला तिन्ही माउंट (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी आधार) पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे, टाका म्हणून राहिला. दुसरा म्हणतो फक्त खालचा डॉगबोन (गिअरबॉक्सला खालच्या सबफ्रेमशी, म्हणजे लोखंडी चौकटीशी, जोडणारा हाडाच्या आकाराचा माउंट) करा. हार्डनेस किती घ्यावा? हिंगणा एमआयडीसीत लेथवर पीयूचे बुश (माउंटच्या आत बसणारे गोल तुकडे) बनवून घेतले तर चालतील का? सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटवर 'धप्' असा आवाज येतो, तोही माउंटचाच का?

नटबोल्ट_सदर

भाऊ, तुमच्या पहिल्या दोन तक्रारी आणि तिसरी यांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. चाकांच्या उड्या आणि 'टक्' कमी करायला माउंट कडक हवा. उभ्या गाडीतली थरथर कमी करायला मऊ हवा. तिन्ही पीयूचे टाकले तर तिसरी तक्रार दुप्पट होईल, मग दोन महिन्यांत तेच माउंट काढायला परत गॅरेजला जाल.

या गाडीत इंजिन-गिअरबॉक्सचं वजन वरचे दोन माउंट घेतात, एक टायमिंग बेल्टच्या बाजूचा आणि एक गिअरबॉक्सवरचा. खालचा डॉगबोन वजन जवळजवळ घेतच नाही, त्याचं काम फक्त इंजिनला मागे-पुढे झुलू न देणं. हिशोब बघा. कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये फायनल ड्राइव्ह धरून तो दहा पटीहून जास्त होतो आणि तेवढीच उलटी प्रतिक्रिया माउंटवर येते. फुटभराची तरफ धरली तरी डॉगबोनवर साडेपाचशे-सहाशे किलोचा ओढा आला, रीमॅपचा त्याहून वेगळा. म्हणून झुलणं थांबवायचं असेल तर सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो, आणि उभ्या गाडीत त्याच्यावर भार कमी असल्यामुळे थरथरीचा दंडही तिथेच सगळ्यात कमी बसतो.

पण त्याआधी तपासणी करा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाला सीटवर बसवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून इंजिनवर भार द्यायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन हलणारच, त्यात दोष नाही. शेवटाला जाऊन ठोका बसतो का ते ऐका. डॉगबोनच्या मोठ्या बुशचं रबर लोखंडापासून सुटलंय का, चिरलंय का, ते खालून टॉर्च मारून बघा. या इंजिनचा एक्झॉस्ट मागे, फायरवॉलकडे आहे, म्हणजे त्या भागाला सायलेन्सरची गर्मी सतत लागते. डाउनपाइपचा हीट शील्ड सैल किंवा गायब असेल तर नवा बुशही लवकर कडक होऊन चिरेल.

थरथरीसाठी वरचे दोन बघा. रबर दबून इंजिन एका बाजूला बसलंय का? द्रव भरलेला माउंट असेल तर त्यावर काळपट ओघळ दिसतो का? तसं असेल तर तिथे कंपनीचाच नवा माउंट टाका, पीयू नको. माउंट ठीक निघाले तर प्लग आणि थ्रॉटल बॉडी बघा.

सिमेंट रोडचं 'धप्' माउंटचं वाटत नाही. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगात न्यूट्रल करून त्याच जॉइंटवरून गाडी वाहू द्या. आवाज तसाच राहिला तर स्ट्रटचा वरचा माउंट, लिंक रॉड आणि लोअर आर्मचा (चाकाला सबफ्रेमशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश तपासा. हा मागचा बुश चाकांच्या उड्यांचाही मोठा आरोपी आहे. तो फाटलेला असेल तर डॉगबोनवर कितीही पैसे घाला, उड्या जाणार नाहीत. घासलेले टायर आणि थकलेले शॉक अॅब्झॉर्बर यांचंही तेच.

रबरगोडी

हार्डनेसबद्दल. कंपनीचं रबर साधारण ५० ते ६० शोर ए असतं (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक). पीयूचे इन्सर्ट (मूळ रबराच्या पोकळीत बसवायचे तुकडे) ७०ए, ८०ए, ९५ए असे मिळतात. रोज चालवायच्या गाडीला ७०ए, फार तर ८०ए. ९५ए ट्रॅकसाठी.

तीन सिलिंडरला हे जास्त सांभाळावं लागतं. ८५० आरपीएमला तीन सिलिंडरचे स्फोट सेकंदाला एकवीसच्या आसपास होतात, चार सिलिंडरचे अठ्ठावीस. जितकी कमी वारंवारता तितका माउंट मऊ लागतो, नाहीतर ते धक्के सरळ बॉडीत जातात. शिवाय या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (डोलणं मारायला उलटा फिरणारा दांडा) नाही, त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यामागे एक डोलणं वेगळंच. त्यावर एसीचा कॉम्प्रेसर लागला की आरसा अंधुक दिसायला लागतो. चार सिलिंडरच्या जुन्या १.२ टीएसआयवाल्यांचे अनुभव वाचून हार्डनेस ठरवू नका.

हिंगण्यात लेथवर बुश बनेल, आकार छानच देतील. अडचण मालाची आहे. बाजारात मिळणारा पीयूचा गोल रॉड बहुतेक ९०ए चा असतो. ट्रकच्या बुशला ठीक, तुमच्या गाडीला दगड. ७०ए चा रॉड ड्युरोमीटर (कडकपणा मोजायचं यंत्र) लावून दाखवत असतील तरच घ्या, रंगावर जाऊ नका.

कोणी विंडशील्डचं पीयू सीलंट जुन्या माउंटच्या पोकळीत भरायला सांगेल. स्वस्त आहे, चालतंही, पण ते हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, उन्हावर नाही. आपल्याकडचा मे म्हणजे कोरडा ठणठणीत. वरून कडक होतं आणि आत आठवडे उलटले तरी चिकट राहतं. करायचंच असेल तर पाऊस लागल्यावर, पातळ थर देत.

पाना_नंबर_१६

बसवायची पद्धत सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून बघता येईल.

गाडी लिफ्टवर, इंजिन थंड. खालचं प्लास्टिक कव्हर काढा. डॉगबोनचे गिअरबॉक्सकडचे बोल्ट आणि सबफ्रेमचा मोठा बोल्ट सुटले की तो हातात येतो. वरचे दोन माउंट जागेवर असतात म्हणून इंजिन पडत नाही, फक्त झुलतं. तेवढ्या वेळात स्टार्टर मारायचा नाही. वरचा माउंट सोडायची वेळ आली तर गोष्ट वेगळी: इंजिन सपोर्ट बार हवा, किंवा खालून जॅक आणि मध्ये रुंद लाकडी ठोकळा. जॅक थेट ऑइल पॅनवर लावला की पॅन चेपलाच.

इन्सर्ट रबराच्या पोकळीत बसतो. आधी पोकळीतली माती ब्रशने साफ करा. ग्रीस सिलिकॉनचंच लावा. व्हीलबेअरिंगचं ग्रीस लावलं तर मूळ रबर फुगतं आणि सुटतं, काम इथेच बिघडतं. इन्सर्ट कुठल्या बाजूने बसतो ते किटच्या चित्रात बघा, उलटा बसला तर एका दिशेला पकडतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळाच राहतो.

बोल्ट नवेच. हे ताणून घट्ट करायचे बोल्ट आहेत: आधी ठरलेला टॉर्क, मग त्यावर ९० अंश. आकडा तुमच्या चेसिस नंबरच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. इम्पॅक्ट गनने 'टर्रर्र' केलं की अंश मोजणं संपलं. आधी सगळे बोल्ट हाताने बसवा, इंजिन दोन-चार वेळा हलवून मधोमध येऊ द्या, मग घट्ट करा. शेवटी बोल्ट आणि बॉडीवर पेंटची एक रेघ मारा. ५०० किमीनंतर रेघ जुळते का बघा, पुन्हा पाना लावू नका. रेघ सरकली असेल तर बोल्ट बदला.

पहिले ५०० ते १००० किमी थरथर थोडी जास्त वाटेल, मग बसते.

वर्धारोड_टीएसआय

तपासलं. लोअर आर्मचे मागचे बुश दोन्ही बाजूंनी चिरलेले आहेत. डॉगबोन शाबूत, पण भार दिला की ठोका येतो. वरचे दोन्ही सुके आणि सरळ. आता दोन्ही कामं एकदम करू का?

नटबोल्ट_सदर

आधी आर्मचे बुश आणि व्हील अलाइनमेंट, मग आठवडाभर चालवा. एकदम केलं तर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही. आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे घट्ट करायला सांगा. लिफ्टवर लटकत्या चाकांनी घट्ट केले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात पुन्हा चिरतो. त्यानंतरही 'टक्' राहिलं तर ७०ए चा इन्सर्ट. थरथर वेगळी धरा, प्लग काढून बघा.