सारखी सरासरी म्हणजे बरोबरीचा सामना नव्हे
बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांची गुणांची सरासरी सारखीच, म्हणून सामना फिफ्टी-फिफ्टी, असं म्हटलं जातं. पण वेगात खेळणाऱ्या संघाचे गुण तसेही फुगलेले असतात. त्यापेक्षा दर १०० पझेशनमागचे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) गुण काढा. पझेशनचा अंदाज असा: मारलेले शॉट + ०.४४ × फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोफत शॉट) − ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचा परत पकडलेला चेंडू) + टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला चेंडू).

तेही जुळले, तर बेंच, म्हणजे राखीव खेळाडू बघा. एनबीएत क्वार्टर १२ मिनिटांचा. दुसऱ्या आणि चौथ्याच्या सुरुवातीला मुख्य खेळाडू बरेचदा बसलेले असतात, आणि मिळवलेली आघाडी तिथेच उडते. सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल लागले की गणित आणखी बिघडतं. सहाव्या फाउलला तो बाहेरच, त्यामुळे कोच त्याला जपून वापरतो.

शिवाय क्वार्टर संपतानाचं घड्याळ. ३३-३४ सेकंद उरलेले असताना घाईने शॉट मारणारा संघ वेडा नसतो. समोरच्यांनी एका शॉटसाठी मिळणारे पूर्ण २४ सेकंद खाल्ले तरी शेवटचा चेंडू यांच्याच हाती येतो. फक्त समोरच्यांचा शॉट रिंगला लागून रिबाउंड त्यांनाच मिळाला, तर शॉट क्लॉक (शॉटसाठीच्या वेळेचं घड्याळ) पुन्हा १४ सेकंदांवर जातं आणि सगळा डाव फिसकटतो. म्हणून डिफेन्सिव्ह रिबाउंडची टक्केवारी (समोरच्यांच्या हुकलेल्या शॉटपैकी किती चेंडू संघ स्वतः पकडतो) मी सर्वांत आधी बघेन.