मदत हवी आहे : सेडानला एअर हॉर्न जोडला, दोन-तीनदा दाबला की फ्यूज उडतो

कुळागर :
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल सेडान. रोज डिचोली ते पणजी, महिन्यातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. कंपनीचा हॉर्न एकच, चपटा डिस्कवाला. घाटातल्या वळणावर ट्रकवाल्याला तो ऐकूच जात नाही. म्हणून १२ व्होल्टचे किट आणले आहे : एक कंप्रेसर, दोन भोंगे (एक लांब, एक आखूड), मीटरभर नळी, टी-जोड आणि एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). वायरिंगचा कागद नाही.

सध्या जुन्या हॉर्नचे कपलर (वायरींचा प्लग) काढून त्याच दोन वायरी कंप्रेसरला दिल्या आहेत. आवाज येतो पण घोगरा, आणि तिसऱ्या-चौथ्या दाबाला हॉर्नचा १५ अँपिअरचा फ्यूज जातो. मल्टिमीटरने मोजले : हॉर्न वाजत असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट, कंप्रेसरच्या टोकांवर ९.८.

१) फ्यूज २५ किंवा ३० चा टाकला तर भागेल का?
२) रिलेच्या कोणत्या पायाला काय जोडायचे?
३) बंपरच्या आत कंप्रेसर कुठे आणि कसा बसवायचा?
४) वाटेत पोलिसांनी अडवले तर?

रिवण :
पहिल्याचे उत्तर : नाही. फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायरीसाठी असतो. कंपनीची वायर १५ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेली आहे. तिथे ३० चा घातला की फ्यूज वाचेल आणि डॅशबोर्डमागे वायर वितळेल. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगरेटची चांदी लावायचा सल्ला कुणी गॅरेजात दिला तर किल्ली घेऊन सरळ बाहेर पडा.

पांढरा_फ्यूज :
तुमच्या मोजमापातच उत्तर आहे. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत पोचताना २.७ व्होल्ट वाटेत गळतात. असा कंप्रेसर साधारण १५ ते २० अँपिअर ओढतो. १६ धरले तरी ४३ वॅट नुसते वायरी, कपलर आणि गाडीच्या आतल्या रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये उष्णता म्हणून जातात. शिवाय व्होल्टेज कमी पडल्याने मोटर वेग घेत नाही, आणि वेग न घेतलेली मोटर उलट जास्त करंट ओढते. घोगरा आवाज आणि उडणारा फ्यूज ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. मूळ हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात, त्याच्या वायरीवर चौपट बोजा टाकलात.

जुन्या वायरीने फक्त 'हॉर्न दाबला' एवढा निरोप द्यायचा, ताकद बॅटरीतून थेट यायची. रिलेवर आकडे कोरलेले असतात :

३० : बॅटरीच्या प्लसकडून, मध्ये इनलाइन फ्यूज.
८७ : कंप्रेसरच्या प्लसला.
८६ : जुन्या कपलरची प्लस वायर.
८५ : जुन्या कपलरची मायनस वायर. कपलरला एकच वायर असेल तर ८५ बॉडी अर्थला.

कंप्रेसरचा मायनस वेगळ्या वायरीने बॉडीला, जुन्या कपलरच्या मायनसला नको. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, त्यामुळे कंपनीच्या वायरीवर बोजा राहत नाही. रिलेत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असेल (अंगावर खूण छापलेली असते) तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल करू नका, डायोड जळतो.

सामान : १२ व्होल्ट ४० अँपिअरचा रिले सॉकेटसकट. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड ऑटो वायर, लाल दोन मीटर, काळी एक मीटर. निरोपाच्या वायरीला ०.७५ पुरते. पाण्याला बंद झाकणाचा ब्लेड फ्यूज होल्डर, त्यात २५ अँपिअरचा फ्यूज. किटच्या डब्यावर आकडा दिला असेल तर तोच. बॅटरी आणि बॉडीसाठी रिंग थिंबल, हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते), जाळीदार स्लीव्ह. घरच्या लाइट फिटिंगमधली उरलेली वायर वापरू नका, तिचे इन्सुलेशन इंजिनच्या तेल-उष्णतेसाठी नसते.

फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे घासून बॉडीला टेकला तर त्याला वाचवायला कुणीही नाही, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

आता क्रम. आधी बॅटरीचा मायनस काढा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. स्टिअरिंगवरच्या बटणाला हात लावायचा नाही, तिथे एअरबॅग आहे. वायर कापूही नका, जुन्या कपलरला बसणारा जोड ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाला वॉरंटी नाकारायला मोकळा. बॉडी अर्थचा बोल्ट निवडताना रेडिएटरच्या पट्टीवरचा एअरबॅग सेन्सर सोडून द्या, त्याच्या बोल्टला थिंबल लावायचे नाही. अर्थची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासा, थिंबल आवळा, वरून पेट्रोलियम जेली चोपडा. गोव्यातल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात निम्मे हॉर्न अर्थवरच्या गंजाने मरतात, हॉर्नच्या दोषाने नाही.

कंप्रेसर उभा, हवा बाहेर पडायचे तोंड वर. आडवा लावला तर आत पाणी साचते आणि मोटर जाम होते. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या समोर मधोमध नको. बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे पण चाकाचे पाणी थेट उडणार नाही अशा जागी. भोंग्यांची तोंडे पुढे आणि किंचित खाली. वर रोखलेला भोंगा पावसात पेल्यासारखा भरतो. नळी मीटरभराहून लांब नको, नाहीतर बटण दाबल्यावर आवाज यायला क्षणभर वेळ लागतो आणि घाटात तोच क्षण हवा असतो. नळी वळवताना चिमटली जाणार नाही असा मोठा गोल द्या. आणि वाजवताना दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका, ही मोटर सलग चालण्यासाठी नसते.

घाट_उतार :
वायरिंग बरोबर आहे, पण चौथा प्रश्न सगळे गिळून बसले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११९ : एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न आणि अवाजवी कर्कश, मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारे कुठलेही साधन गाडीला बसवता येत नाही. तुमचे दोन भोंगे एकदम वाजतात, म्हणून सुरांच्या अटीतून सुटलात असे म्हणता येईल. 'अवाजवी मोठा' यातून सुटणे कठीण. आवाजाची मानके मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. विनाकारण हॉर्न वाजवला तर कलम १९४एफ, आधी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये. शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवायचाच नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती ते किमान १०० मीटर असते. बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासमोरून जाताना एवढे ध्यानात ठेवा. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ हीच गोष्ट.

आणि डब्यावरच्या '१५० डीबी' ला भुलू नका, किती अंतरावर ते लिहिलेले असते का बघा. मानकात गाडीच्या पुढे ७ मीटरवर मोजतात आणि कमाल ११२ डेसिबल. अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल जातात. चांगल्या विंडटोन (गोगलगायीच्या शंखासारख्या) हॉर्नची जोडी २ मीटरवर ११८ देत असेल तर ७ मीटरवर १०७ च्या आसपास भरते. म्हणजे नियमात राहून भरपूर. खोल आणि तीव्र, सुमारे ४०० आणि ५०० हर्ट्झ, असे दोन सूर एकदम आले की कानाला आवाज भरीव लागतो. एकट्या डिस्कचा चिरका आवाज ट्रकच्या इंजिनात हरवतो.

रात्री वळणावर डिपर द्या, पात्रांव. उजेड वळणापलीकडे आधी दिसतो.

कुळागर :
आभारी आहे. रिले जोडला पण भलतेच झाले. बॅटरीचा मायनस लावल्याबरोबर, किल्ली बंद असताना, कंप्रेसर सुरू झाला. हॉर्न दाबला की थांबतो! तेवढ्या वेळात कंप्रेसरवर ११.९ व्होल्ट मोजले आणि आवाज एकदम साफ होता.

पांढरा_फ्यूज :
रिले पाच पायांचा आहे. मधल्या पायावर ८७ए लिहिले असेल, तुमची कंप्रेसरची वायर त्यावर आहे. तो पाय रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो, म्हणून सगळे उलटे चालते. वायर ८७ वर घ्या, ८७ए ला हीट श्रिंकने बंद करून टाका. ११.९ आले म्हणजे वायर आणि अर्थ दोन्ही उत्तम आहेत.

कुळागर :
झाले, आता बरोबर चालतो. लांब भोंगा मात्र मधूनच दबका वाजतो. आणखी एक : डॅशबोर्डवर स्विच टाकून गावात कंपनीचा हॉर्न, घाटात एअर हॉर्न असे केले तर कायद्यात बसेल का?

रिवण :
दबका म्हणजे त्या बाजूची नळी वाकली आहे किंवा टी-जोडातून हवा सुटते. साबणाचे पाणी लावून हॉर्न दाबा, बुडबुडे येतील तिथे क्लिप आवळा. तरीही तसाच राहिला तर भोंग्याच्या बुडातल्या पडद्यावर पाणी किंवा माती आहे, नळी काढून कोरडी हवा मारा. तार घालून कोरू नका, पडदा फाटतो.

घाट_उतार :
स्विचने काही बदलत नाही. नियमात शब्द 'बसवणे' आहे, वाजवणे नंतरचे. तुमची खरी अडचण एकट्या डिस्कची आणि बारीक वायरीची होती, त्यातली वायर सुटलीच आहे. विंडटोनची जोडी आणा आणि ८७ वरून दोघांना समांतर जोडा. दोन्हींची तोंडे खाली ठेवा. ब्रॅकेट सोबत येते तेच वापरा. हॉर्नचे अंग बंपरला किंवा पत्र्याला टेकले की तो गुदमरल्यासारखा वाजतो.

कुळागर :
मग केलेले वायरिंग वाया?

पांढरा_फ्यूज :
काहीच वाया नाही. रिले, लाल वायर, अर्थ, फ्यूज होल्डर सगळे तसेच ठेवा. दोन विंडटोन मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात, तेव्हा होल्डरमधला २५ चा फ्यूज काढून १५ चा घाला.